पोड उठलं नाही

"लोकच राहिले नाहीत, तर आपण इथं कुणासाठी बसलोय, सुवार्ता?"

"तुम्ही जावा. मी हितंच ऱ्हाते."

"एकटी? या रानात?"

"एकटी कशी? योशा हाय की."

"योशा देवापाशी आहे."

"देवापाशी असंल. पण म्या त्याला पुरलंय हितं."

हे भांडण मी ऐकलं तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. मास्तरांच्या घराच्या बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीमागं, कमरेवर चोरीचा भोपळा घेऊन उभी होते. चोरीचा म्हणजे आमचाच, आमच्याच जुन्या घराच्या जागेवर लागलेला. पण सोडलेल्या जागेवर परत जायचं नाही आणि तिथलं काही आणायचं नाही, असा आमच्यात नियम. भोपळ्याला कुणी नियम सांगितला नव्हता, तो आपला लागून राहिला होता. आणि मला भोपळा लई आवडायचा.

आम्ही कोलाम. हिमायतनगरहून किनवटाच्या अंगाला रान लागतं, तिथं आमचं पोड होतं. पोड म्हणजे आमची वस्ती, तेव्हा अठरा घरांची. बांबूची टोपली-सुपं विणायची, मूठभर ज्वारी पेरायची, बाकी रान देईल ते खायचं. तिथं शांतवन मास्तर आणि सुवार्ताबाई मिशनकडून राहायला आले. मिशन म्हटलं की लोकांना गोरा साहेब दिसतो. हे दोघं लातूरकडचे, आपल्यासारखे काळेसावळे. बाईचं माहेर किल्लारीच्या शेजारचं, आईला ती अव्वा म्हणायची. सोबत एक वाजवायची पेटी, एक पुस्तकांची ट्रंक आणि तीन वर्षांचा योशा.

मास्तर मोहाच्या झाडाखाली येशूच्या गोष्टी सांगायचे. पेटी वाजली की अख्खं पोड गोळा व्हायचं, आणि गोष्ट सुरू झाली की निम्मं उठून जायचं. इतक्या वर्षांत आमच्यातले ख्रिस्ती किती झाले विचाराल तर एक, आणि तोही लग्न जमेपर्यंत. बाई मात्र गोष्टी सांगत बसली नाही. माझ्या आईशेजारी बसून सूप विणायला शिकली. तिचं पहिलं सूप इतकं वाकडं झालं की आईनं ते कोंबडी झाकायला ठेवलं. मला तिनं पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. ती पण पहिल्यांदा तिच्या सुपासारखीच आली.

त्या वर्षी श्रावणात योशा तापानं गेला. मास्तरांनी त्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरलं, पेटी न वाजवता गाणं म्हटलं. पोळा झाला आणि माझ्या बापानं, तो पोडाचा नाईक, आमच्या घराचं आढं उतरवलं. आढं म्हणजे छपराचा मधला वासा. ते बघून सतरा घरांनी आपापली आढी उतरवली. चार दिवसांत पोड टेकडीपलीकडं गेलं. जुन्या जागेवर राहिलं एकट्या मास्तरांचं घर.

तीन महिने ते तिथं, आम्ही इथं. ते येईनात, आम्ही जाईनात. आणि मग मी भोपळ्यासाठी गेले.

"आपल्या घरातलं मूल गेलं," मास्तर आत म्हणत होते, "आणि सगळं गाव पाठ फिरवून निघून गेलं. आपण अपशकुनी ठरलो त्यांच्या लेखी. तुला कळत कसं नाही?"

"मला सगळं कळतंय. ठरवू द्या अपशकुनी."

मास्तर रडायला लागले. मोठा पुरुष माणूस रडताना मी पहिल्यांदाच ऐकला. मला राहवलं नाही, भोपळ्यासकट दारात जाऊन उभी राहिले.

"मास्तर, तुमच्या पोरासाठीच तर उठलो आम्ही," मी म्हटलं.

दोघं माझ्याकडं बघत राहिले.

"लेकरू गेलं, का कुणी अवचित गेलं, की जागा विटती. मग पोड उठतंय. नाक्यावरच्या गार्डाचं पोर गेलं तवा आम्ही उठलो का? आपलं गेलं तरच उठायचं असतंय."

"मग आम्हाला कुणी चला म्हणालं का नाही?"

"कुणी कुणाला म्हणत नसतंय. नाईकानं आढं उतरवलं की ज्यानं त्यानं आपलं उतरवायचं. तुम्ही उतरवलं न्हाई. बाप म्हणला, त्यांना आपल्यात यायचं नसंल. आई लई रडली."

मास्तर खाली बसले. थोड्या वेळानं उठले आणि कुणाला काही न विचारता छपरावर चढले. त्यांना आढं सोडता येईना, चुकीच्याच गाठी ओढत होते. मी पळत जाऊन बापाला बोलावलं. भोपळा मास्तरांच्या दारातच राहिला, म्हणून मारही वाचला.

बाई मात्र उठेना. योशाला दगड रचले होते तिथं जाऊन बसली. माझा बाप लांब उभा राहिला, जवळ जायचा नियम नव्हता.

"बाई, चल," तो म्हणाला. आमच्यात अहो-जाहो नाही.

"मला आठवड्यातून एक दिस हितं येऊ देशील का?"

"जुन्या जागेवर जायचं नसतंय. गेलं की मागं येतंय."

"मागं आलं तर बरंच हाय की रे."

बाप घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांना घेऊन बसला. कुणी म्हणालं, बाई आली नाही तरी चालेल पण रीत मोडायची नाही. कुणी म्हणालं, परक्या मुलखातली आहे, तिला कुठली रीत. शेवटी बाप तिच्याकडं परत गेला.

"ये तू आठवड्याला. पण सरळ घराकडं यायचं न्हाई. ओढ्यातून चालत यायचं, पाय धुवायचे, पळसाचं पान मागं टाकायचं, आन् वळून बघायचं न्हाई."

मास्तर म्हणाले, "हे आपल्या शास्त्रात बसत नाही, सुवार्ता."

"तुमच्या शास्त्रात लेकरू पुरायचं बसलं ना? मग पान टाकायचं बसवा आता."

मास्तरांनी बसवलं. बाई आमच्यात आली. रविवारी प्रार्थना झाली की ती टेकडीपलीकडं जायची, दगडांवरचा पाचोळा झाडायची, ओढ्यातून गुडघाभर पाण्यात चालत यायची आणि पान टाकायची. देवाची माणूस ती, आणि आमचा नियम आमच्यापेक्षा जास्त पाळायची. आमच्या बायका हसायच्या. मी पण हसायचे.

पुढं तिला एस्तेर झाली. शिकण्यासाठी नांदेडला बोर्डिंगात गेली. माझं लग्न झालं, नवरा घरजावई म्हणून पोडातच राहिला. बाप गेला, माझा भाऊ भीमा नाईक झाला. बाप पिकून गेला म्हणून पोड उठलं नाही, तसं उठायचं नसतंच. मग सरकारनं आम्हाला घरकुलं दिली, विटांची, वर स्लॅब. हापसा दिला, शाळेची खोली दिली. जंगलखात्यानं खुणेचे दगड रोवले आणि सांगितलं, याच्या आत राहायचं. स्लॅबला आढं नसतं. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. छत गळत नाही म्हणून आम्ही खूश होतो.

त्र्याण्णव साली बाईची अव्वा आजारी पडली. तिला इकडं घेऊन यावं म्हणून दोघं निघणार होते. पण माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते, आणि बाईशिवाय पोडातलं कुणाचं बाळंतपण होत नव्हतं.

"तुम्ही पुढं व्हा," बाई मास्तरांना म्हणाली. "हिची सुटका झाली की मी येते."

"अव्वा मला ओरडेल. जावई एकटाच आला म्हणेल."

"ओरडू द्या. तेवढीच तिला तरतरी येईल."

मास्तर पिशवी घेऊन गेले. गणपती बुडवले त्या रात्रीच्या पहाटे तिकडं जमीन हलली. आमच्याकडं भांडी खुळखुळली एवढंच. दुपारी हिमायतनगरहून आलेल्या माणसानं सांगितलं तेव्हा माझी लेक कळा देत होती. बाईनं ऐकलं, हात धुतले, आणि नातवाला बाहेर काढूनच उठली. नाळ कापताना तिचा हात हलला नाही. ते मी पाहिलं, आणि ते मला अजून सोसवत नाही.

भीमा तिच्यासोबत गेला. ते पोचेपर्यंत तिसरा दिवस लागला. पाऊस धो धो. भीमानं आल्यावर सांगितलं, "अक्का, तिकडं दगडाच्या भिंती, दोन-दोन हात रुंद. माणसं त्यांच्याखालीच राहिली. आपली तट्ट्याची भिंत पडली असती तर माणूस अंग झटकून उठलं असतं." मास्तर, अव्वा, बाईचा भाऊ, सगळे त्याच भिंतींखाली सापडले होते. आणि प्रेतं किती म्हणून, सगळ्यांना एका ठिकाणी जाळून टाकलं होतं. बाई एका जवानाला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ते ख्रिस्ती होते हो, त्यांना पुरायचं होतं." त्या पोरानं हात जोडले.

पंधरा दिवसांनी बाई परत आली. सडकेवर एसटीतून उतरून चालत आली. मी नातवाला न्हाऊ घालत होते. ती पोडाच्या तोंडाशी थांबली आणि एकेका घराकडं बघत राहिली. सगळी घरं जागच्या जागी. माझं, भीमाचं, शाळेची खोली, हापसा.

"मारू," ती मला म्हणाली, "पोड उठलं न्हाई?"

मी नातवाला पदरात गुंडाळलं. भीमाच पुढं झाला.

"बाई, उठायचं कुठं आता? घरकुलं हायत. जंगलवाले काठी रोवू देत न्हाईत. आन् मास्तर तिकडं गेले, हितं न्हाई."

"खरंय," बाई म्हणाली. "पाणी दे रे जरा."

एकदाच विचारलं तिनं. पुन्हा कधी नाही. पण मला कळलं. पोड उठलं तेव्हा ती तुटली होती, कारण तिला अर्थ माहीत नव्हता. आता अर्थ माहीत होता, आणि पोड उठलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी ती योशाकडं गेली आणि सरळ वाटेनं परत आली. ओढा नाही, पाय धुणं नाही, पान नाही. म्हाताऱ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणाची बोलायची हिंमत नव्हती. कुठल्या तोंडानं बोलणार होतो? पण त्याच्या पुढच्या रविवारी तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. मी विचारलं, "बाई, परत ओढ्यातून?"

"तुमच्यासाठी न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या बापानं दिला होता तो नियम. त्यानं तरी काय केलंय?"

मिशननं तिला नांदेडला बोलावलं, ती गेली नाही. मिशननं पत्र लिहायचं सोडून दिलं.

पुढं नांदेडला क्लासचं खूळ आलं. लातूरला आधीच आलं होतं. डॉक्टर, इंजिनेर व्हायला खेड्यापाड्यातली पोरं लोंढ्यानं यायला लागली, गल्लीगल्लीत पोरांच्या फोटोंचे हे एवढे बोर्ड. एस्तेर शाळेत मास्तरीण होती, तिनं नोकरी सोडली आणि क्लासच्या मागच्या गल्लीत मुलींचं होस्टेल काढलं, खाली मेस. माझी नात साक्षी दहावीला बरी पास झाली, तर एस्तेर स्वतः येऊन तिला घेऊन गेली. आमच्या पोडातली पहिली पोर क्लासला गेली. बाई एक महिना तिकडं राहून आली.

"कसं हाय?" मी विचारलं.

"पोरी जेवताना पण पुस्तकातून मान काढत न्हाईत. भाजी कशाची होती विचारलं तर एकमेकींना विचारतात. तुझी साक्षी झोपेत बेडकाची आतडी मोजती."

"मग तू का आलीस परत? लेकीकडं आराम होता."

"तिथं ओढा कुठाय?"

दिवाळीला एस्तेर गाडी करून आली. बाई तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेली, गुडघे गेलेले. माझ्या अंगणात बसून सगळं बोलणं झालं.

"आई, आता पुरे. चल माझ्याबरोबर. पडलीस-झडलीस तर कोण बघणार?"

"पडले तर उठंन."

"हट्ट करू नकोस. बाबा नाहीत. मिशन नाही. सांग ना, कोण आहे तुझं इथं?"

बाईनं माझ्याकडं पाहिलं.

मी टोपली विणत होते. हातातली काडी वाकवत राहिले. साक्षीची खाट एस्तेरच्या घरात होती. पोरीची परीक्षा पाच-सहा महिन्यांवर होती. एस्तेरला वाईट वाटेल, पोरीचं कसं होईल, असं काहीबाही डोक्यात आलं. मी हाय, एवढे दोनच शब्द होते. ते मी बोलले नाही.

बाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग एस्तेरला म्हणाली, "ते माझं मी बघते. तू चहा घे, गार होतोय."

साक्षी डॉक्टर झाली नाहीच. नर्सिंगला गेली. एस्तेर कधी काही बोलली नसती, हे मला आता कळतं. मी उगाच घाबरले होते. पण उगाच घाबरून गप्प बसलेलं सुद्धा गप्प बसलेलंच असतं.

त्याच हिवाळ्यात बाई गेली. सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसेना म्हणून मी गेले. कुशीवर झोपलेली, गार. एस्तेर दुपारपर्यंत आली. मी म्हटलं, योशाशेजारी पुरू या. भीमा पण म्हणाला. पण त्या जागेला जंगलखात्याची तार लागली होती, आत सागाची रोपं. रविवारी गार्ड बाईला आत सोडायचा, पण पुरायला परवानगी लागत होती. परवानगी आणायची तर आठ दिवस, आणि एस्तेर पार खचलेली. तिनं आईला नांदेडला नेलं. आम्ही टेम्पो करून मागं गेलो. चांगली जागा होती, स्वच्छ, ओळीनं क्रूस. अनोळखी माणसांच्या मधे बाईला ठेवून आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी पोडात सगळे आपापल्या कामाला लागले. हापशावर रांग लागली. शाळा भरली. मी अंगणात बसून वाट बघत राहिले. कशाची ते मला पण ठाऊक होतं आणि होणार नाही ते पण ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मी माझी भांडी, गोधडी, कोयता बाहेर काढला. चार वासे आणि तट्टे घेऊन हापशाच्या पलीकडं, आमच्याच पडीक तुकड्यात खोप घातली. जंगलवाल्यांच्या दगडाच्या आतच, म्हणजे त्यांना बोलायला जागा नाही. भीमाचा पोरगा आला.

"आत्या, हे काय लावलंयस? पक्कं घर सोडून?"

"उठले मी."

"बाईसाठी? ती काय आपल्यातली होती का?"

"तू तिच्याच हातावर जन्मलास, भाड्या. तुला नाळ होती तवर विचारायचं होतंस."

साक्षी सुट्टीला आली, म्हणाली, "आज्ये, इथं तर लाईट न्हाई, रेंज न्हाई, माझा फोन लागंना."

"मग जेव निवांत. भाजी कशाची हाय ते तरी कळंल."

लोक हसतात. म्हातारी बिघडली म्हणतात. हसू द्या. एका माणसाच्या उठण्यानं पोड उठत नाही, मला ठाऊक आहे. आणि बाईला हे कधीच कळणार नाही. कळायची वेळ होती तेव्हा मी काडी वाकवत बसले होते.

बाई गेली त्याच्या आदल्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी ती हिमायतनगरला जायची आणि पोडातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या आणायची. सकाळी घराघरातून रिकामी पाकिटं गोळा करायची, पिवळ्या पिशवीत घालायची, काळीपिवळी जीप धरायची. जिलानीच्या औषधाच्या दुकानात पाकिटं ओळीनं मांडायची आणि तसलीच नवी आणायची. जिलानी म्हणायचा, "बाई, निम्मं दवाखाना तुमीच चालवून राहिले." मग बेगमबीच्या हॉटेलात एक चहा, आणि परत.

त्या दिवशी पण ती गेली आणि उन्हं कलताना आली. भीमाची साखरेची गोळी, शेजारणीची दम्याची. मग माझ्याकडं आली, माझी रक्तदाबाची. मी टोपलीचा काठ वळत होते, काठ वळताना हात सोडता येत नाही.

"ही सकाळची एक. जेवून. चहावर न्हाई."

"हाव, हाव. ठेव तिथं."

"मागल्या खेपेच्या चार उरल्यात पाकिटात. चार दिवस खाल्ली न्हाईस."

"विसरले असंन."

"खोटारडी."

तिनं पाकीट सुपात ठेवलं. कोंबडी चोच मारेल म्हणून वर एक खडा ठेवला. पिशवी खांद्यावर घेतली आणि खालच्या घराकडं निघाली, तिथल्या म्हातारीच्या डोळ्यात घालायचं औषध अजून द्यायचं राहिलं होतं.